थोरल्या बाईसाहेबांचे हात

लंडनमधल्या निम्म्या उमराव बायकांचे हात मिसेस टिबट यांचे होते.

चित्रातले, अर्थात. सरदारघराण्यातली बाई चित्रकारासमोर बसते ती चेहऱ्यापुरती. चेहरा उतरला की तिला कंटाळा येतो, जेवणाची आमंत्रणं असतात, शिंप्याकडे जायचं असतं. मग तिचा झगा लाकडी पुतळ्यावर चढतो आणि हातांसाठी मिसेस टिबटना बोलावणं जातं. त्या येतात, टोपी खुंटीला अडकवतात, अंगठीबिंगठी घालून तासन् तास मांडीवर हात ठेवून बसतात. याला कोणी लबाडी म्हणत नाही. केक घरचा असला तरी वरची साखरेची नक्षी हलवायाच्या हातची असते, तसंच हे.

मला हे कळलं ते त्यांच्या डाव्या करंगळीमुळे. तिचं शेवटचं पेर जरासं आत वळलेलं आहे. आदल्या वर्षीच्या वार्षिक प्रदर्शनात ती करंगळी मला आधी एका डचेसच्या पंख्यावर दिसली, मग एका बिशपच्या बायकोच्या प्रार्थनेच्या पुस्तकावर आणि शेवटी लेडी कार्नडेल यांच्या मोत्यांच्या सरावर. रानात एकच वनस्पती तीन ठिकाणी ओळखता आली की होतो तसा आनंद मला झाला. मी माझ्या बहिणीला, ऑगस्टाला, तिथल्या तिथे सांगायला लागले, तर तिनं माझं कोपर दाबलं.

"हळू बोल, हेस्टर. त्या बाईच्या पोटावर पाय आणशील."

ऑगस्टा चित्रकार. मी तिच्याहून नऊ वर्षांनी लहान, लंडन विद्यापीठाची विज्ञानाची पदवीधर, मुलींच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी. आम्ही दोघी चेल्सीत तिच्या स्टुडिओच्या वरच्या खोल्यांत राहायचो. तिची तेलं आणि रंग मी बघायची. कोणता लाल उन्हात विटतो, कोणतं तेल किती दिवसांत वाळतं, याच्या काचेच्या पट्ट्या मी खिडकीत लावून ठेवत असे. ती मला "आमच्या घरातली औषधवाली" म्हणायची.

दहा-अकरा वर्षं ऑगस्टानं श्रीमंतांची मुलं आणि कुत्री रंगवली. मुलं हलायची, कुत्री त्याहून कमी. मोठ्या माणसांचं चित्र तिच्याकडे येत नव्हतं, कारण ते काम कोणाकडे जायचं हे चार-पाच दिवाणखान्यांत ठरायचं, आणि त्यातला सगळ्यांत मोठा दिवाणखाना लेडी कार्नडेल यांचा. त्यांच्या गुरुवारच्या बैठकीत ज्याचं नाव निघालं त्याला वर्षभर मान वर करायला फुरसत नसायची. ज्याचं निघालं नाही तो कुत्री रंगवायचा. बाई कलेच्या भोक्त्या होत्या, हे खरंच. खेड्यापाड्यांतल्या बायकांना लाकडावर कोरीव काम शिकवणारी एक संस्थाही त्यांनी काढली होती आणि दरवर्षी त्या स्वतःच्या हातानं पदकं वाटायच्या.

त्या शरदात त्यांनी ऑगस्टाला आपल्या सासूबाईंचं चित्र सांगितलं. ते वार्षिक प्रदर्शनात झळकलं की स्वतः लेडी कार्नडेल बसणार होत्या आणि त्यांच्यामागून आणखी तिघी. ऑगस्टा त्या दिवशी जिना चढून वर आली आणि तिनं सगळे कुत्र्यांचे कच्चे आराखडे शेगडीत घातले.

या सासूबाई, थोरल्या बाईसाहेब, हिवाळाभर येत होत्या. ठेंगण्या, ताठ, कायम काळ्या रेशमात. बोलणं मोजकं, पण मधूनच असं काही बोलायच्या की ऑगस्टाचा कुंचला थांबायचा. चेहरा होत आला तेव्हा ऑगस्टानं नेहमीप्रमाणे सांगितलं की आता बाईसाहेबांना फार त्रास देणार नाही, हातांसाठी एक बाई येते.

"कोण बाई?"

ऑगस्टानं समजावून सांगितलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं.

"आमच्या जेवणघरात माझं एक चित्र आहे, नव्यानं लग्न झालं तेव्हाचं," त्या म्हणाल्या. "पंचेचाळीस वर्षं मी त्याच्यासमोर बसून भाजलेलं मटण खातेय. त्यातले हात कोणाचे, मला ठाऊक नाही. या खेपेला माझे काढ."

आणि त्यांनी हातमोजे उतरवले.

सांधे संधिवातानं गाठाळलेले होते, ते वयामुळे कोणाचेही असतात. पण उजव्या तळव्यात, मनगटाच्या थोडं वर, एक कठीण उंचवटा होता, नाण्याएवढा. डाव्या अंगठ्यावर एक जुना, पांढरा पडलेला व्रण, नखापासून खालपर्यंत. मी त्या वेळी तेलाची बाटली द्यायला खाली आले होते आणि टक लावून बघत राहिले. ते उद्धट होतं, पण त्यांना आवडलं असावं, कारण त्यांनी मला जवळ बोलावून तळवा माझ्यापुढे धरला.

लग्नाआधी त्या लाकडाचे ठोकळे कोरायच्या. सचित्र साप्ताहिकांतली चित्रं तेव्हा तशीच छापली जायची; कोणीतरी चित्र काढायचं आणि कोणीतरी ते उलटं, रेघ न् रेघ, लाकडात कोरायचं. वडील कोरणारे, म्हणून मुलगीही. कोरणीची मूठ तळव्यात रुतून तो उंचवटा आला होता, आणि एकदा कोरणी घसरून तो व्रण. सतराव्या वर्षापासून चोविसाव्यापर्यंत त्या हातांवर घर चाललं. मग कार्नडेल घराण्यातला तिसरा मुलगा, ज्याच्याकडे कोणी लक्ष देत नव्हतं, त्याच्याशी लग्न झालं. पुढे त्याचे दोन्ही भाऊ वारले, अर्लचा किताब त्याच्याकडे आला आणि ठोकळे कोरणारी मुलगी अर्लची बायको झाली.

"घरात काय सांगतात माहितीये?" त्या म्हणाल्या. "लहानपणी मी छान चित्रं काढायची. नदीकाठी बसून. जलरंगात."

ऑगस्टानं ते हात काळ्या रेशमावर ठेवले, उजवा तळवा अर्धवट उघडा. मी चित्रकार नाही, पण मला एवढं कळत होतं की त्या चित्रात चेहरा चांगला होता आणि हात त्याहून चांगले. प्रकाश त्या उंचवट्यावर येऊन थांबायचा. शिशाचा क्षार घालून उकळलेलं जवसाचं तेल मी तिला त्यासाठी दिलं होतं. ते लवकर आणि काचेसारखं कडक वाळतं. फेब्रुवारीच्या शेवटी ते हात पक्के वाळले होते.

लेडी कार्नडेल चित्र बघायला आल्या त्या दाखवणीच्या रविवारच्या आधीच्या बुधवारी. प्रदर्शनाला चित्रं रवाना करण्याआधीच्या रविवारी प्रत्येक चित्रकाराचं दार उघडं असतं. सगळं शहर या स्टुडिओतून त्या स्टुडिओत चहा पीत फिरतं आणि कोणाचं वर्ष चांगलं जाणार ते संध्याकाळपर्यंत ठरून जातं. प्रदर्शनाच्या भिंतीवर फक्त त्यावर शिक्का बसतो.

त्या बराच वेळ उभ्या होत्या. चेहरा अप्रतिम आहे, असं म्हणाल्या. डोळे तर हुबेहूब. मग त्यांनी छत्रीच्या टोकानं, कॅनव्हासला न लावता, खालच्या भागाकडे बोट दाखवल्यासारखं केलं.

"हे मात्र धोबिणीचे वाटतात."

ऑगस्टा म्हणाली, की बाईसाहेबांचे हात असेच आहेत.

"माझ्या सासूबाईंचे हात कसे आहेत ते मी वीस वर्षं बघतेय, मिस पेनफोल्ड. म्हणून तर त्यांना हातमोजे घालायला सांगते." त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "लहानपणी त्या चित्रं काढायच्या, एवढं लोकांना माहीत आहे. तेवढं पुरे. तुमच्याकडे ती बाई येते ना? तिला बोलवा. माझ्याही वेळी तीच होती, फार सुरेख झालं." दारापाशी त्या थांबल्या. "डचेसकडे तुमचं नाव काढलंय मी. काढलेलं नाव परत घेणं मला अवघड वाटतं. कृपा करून ती वेळ आणू नका."

त्या दिवशी जेवताना आम्हा बहिणींचं भांडण झालं. मी म्हणाले की लाकूड कोरणाऱ्या बायकांना पदकं देणारी बाई स्वतःच्या घरातली कोरणारी लपवते, आणि तू तिला मदत करणार. ऑगस्टानं सुरी-काटा खाली ठेवला.

"तुला शाळा पगार देते. मला या लोकांच्या तोंडातून माझं नाव निघावं लागतं, तेव्हा माझी चूल पेटते. अकरा वर्षं कुत्री रंगवलीत मी, हेस्टर. तत्त्वं तुझ्या काचेच्या नळीत उकळ."

शुक्रवारी मिसेस टिबट आल्या. संध्याकाळी मी शाळेतून परतले तेव्हा काळ्या रेशमावर दोन गुलाबी, निमुळते, निवांत हात होते. करंगळी जराशी वळलेली. सुंदरच होते. मिसेस टिबट मागे सरून डोळे बारीक करून बघत होत्या आणि म्हणत होत्या की डचेसच्या वेळेपेक्षा हे जास्त जमलेत.

दोन गोष्टी मला खटकल्या. जुने हात ऑगस्टानं खरवडून काढले नव्हते. त्यांच्यावरच रंग चढवला होता. खरवडायला वेळ नव्हता, ती म्हणाली, पण मला माहीत होतं की पातीनं ते काम झटपट होतं. आणि दुसरी गोष्ट, टेबलावर खसखशीच्या तेलाची बाटली उघडी होती. ते आठवडाभर ओलं राहतं. घाईच्या कामात ऑगस्टा ते कधीच वापरत नसे.

"हे का घेतलंस?"

"जवळ होतं," ती म्हणाली आणि कुंचले धुवायला लागली.

रविवारी दुपारी जिन्यापासून रस्त्यापर्यंत माणसं होती. मिसेस टिबट अशा दिवशी चहा द्यायला यायच्या. पांढरा एप्रन बांधून त्या ट्रे घेऊन फिरत होत्या. लेडी कार्नडेल आपला गोतावळा घेऊन आल्या आणि खोलीनं आपोआप त्यांना वाट दिली. त्यांनी चित्रातल्या हातांकडे एकदा पाहिलं आणि ऑगस्टाकडे बघून हलकेच मान डोलावली. ऑगस्टानंही डोलावली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

कर्नल स्ट्रॅदन नावाचे एक गृहस्थ, पिवळे हातमोजे घातलेले, चित्रापुढे पाय फाकवून उभे राहिले. चेहरा काय, कोणीही कमावू शकतो, त्यांनी आजूबाजूच्या बायकांना सांगितलं. घराणं दिसतं ते हातांत. हे हात बघा. शंभर पिढ्यांत यांनी कधी काही उचललं नसेल. मग त्यांनी बाजूला न बघता हात पुढे केला आणि मिसेस टिबटनी त्यात चहाचा कप ठेवला.

मला हसू आवरेना म्हणून मी दाराकडे वळले, आणि दारात थोरल्या बाईसाहेब उभ्या होत्या.

त्यांना सर्दी झाली आहे असं लेडी कार्नडेल आल्या आल्याच सगळ्यांना सांगून बसल्या होत्या. त्यामुळे त्या आत येताना खोली जरा गोंधळली. त्या थेट चित्रापाशी गेल्या. कर्नल बाजूला झाले. त्यांनी वर चेहऱ्याकडे पाहिलं, मग खाली, आणि खालीच पाहत राहिल्या. मग वळून त्यांनी ट्रे धरलेल्या हातांकडे पाहिलं.

"हे तुमचे."

मिसेस टिबटनी ट्रेसकट गुडघे वाकवून नमस्कार केला. "हो, बाईसाहेब. परवा बसले होते."

कोणीतरी खोकल्यासारखं करून हसलं. कर्नल आपल्या कपात बघत होते.

"चांगले आहेत. तुमचा दोष नाही." त्या ऑगस्टाकडे वळल्या. "माझे कुठे गेले?"

ऑगस्टानं चित्राकडे बोट दाखवलं. "खाली आहेत, बाईसाहेब."

"आई, तुम्ही दमलात," लेडी कार्नडेल पुढे आल्या. "गाडी खाली उभी आहे."

"मी बसून आलेय, दमेन कशी?" म्हातारीनं मला हाक मारली. "तू शास्त्र शिकलीस ना? मग सांग. हे वरचं पुसलं तर माझेही जातील का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. जातील, असं म्हणायला एकच शब्द लागला असता. चित्र वाचलं असतं, रविवार वाचला असता, ऑगस्टाची वर्षं वाचली असती, आणि मी खोटं बोलले हे त्या खोलीत फक्त एकीला कळलं असतं. मी ऑगस्टाकडे पाहिलं. तिनं मान हलवली असती तर मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही. तिनं हलवली नाही. ती माझ्याकडे नुसती बघत होती, मी पट्ट्या वाचून दाखवायची तेव्हा बघायची तशी.

"वरचा रंग ओला आहे," मी म्हणाले. "टर्पेंटाइननं निघेल. खालचा पक्का वाळलाय. त्याला काही होणार नाही."

"मिस पेनफोल्ड," लेडी कार्नडेल म्हणाल्या, "हे चित्र माझ्या सांगण्यावरून झालंय. त्याला कोणी हात लावणार नाही. लावलात, तर तुमच्यासाठी लंडनमध्ये फक्त कुत्रीच उरतील, हे मी तुम्हाला सगळ्यांसमोर सांगते."

ऑगस्टा टेबलापाशी गेली. तिनं एक स्वच्छ फडकं घेतलं, टर्पेंटाइनची बाटली त्यावर उलटी केली, जास्तीचं पिळून काढलं. हे सगळं तिनं अगदी सावकाश केलं, जणू खोलीत कोणीच नाही.

"कुत्री चांगली बसतात, बाईसाहेब," ती लेडी कार्नडेलना म्हणाली. "आणि त्यांचे पंजे त्यांचेच असतात."

मग तिनं ते फडकं थोरल्या बाईसाहेबांपुढे धरलं.

चारचौघांत, दुपारच्या भेटीला, बायका हातमोजे काढत नाहीत. चहासुद्धा मोजे घालूनच पितात. थोरल्या बाईसाहेबांनी आधी डाव्या मनगटाची बटणं सोडली, मग उजव्या. दोन्ही मोजे नीट जुळवून त्यांनी कर्नलच्या हातात दिले, कारण ते जवळ होते.

"कडेकडून आत या," ऑगस्टा हळूच म्हणाली. "हलक्या हातानं."

"मुली, हलका हात म्हणजे काय ते मला तू सांगू नकोस."

गुलाबी रंग फडक्यावर आला. आधी करंगळी गेली. मग बोटं वितळल्यासारखी झाली आणि त्यांच्या आतून गाठी वर आल्या, एकेक करून. अंगठ्यावरची पांढरी रेघ आली. आणि शेवटी तो उंचवटा, प्रकाश धरून बसलेला. खोलीत टर्पेंटाइनचा वास पसरला होता. चित्रातले हात आणि चित्र पुसणारे हात शेजारी शेजारी होते, आणि तिथं असलेल्या कोणालाही ते सारखे नाहीत असं म्हणता आलं नसतं.

"मी ठोकळे कोरायची," त्या लोकांकडे वळून म्हणाल्या. "साप्ताहिकांसाठी. मजुरी घेऊन. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी जुने अंक बांधून ठेवलेत, त्यांनी जाऊन बघा. बुडणारी जहाजं बहुतेक माझी आहेत."

त्यांनी उजवा हात कर्नलपुढे केला. बाईनं हात पुढे केल्यावर तो न घेणं शक्य नव्हतं. कर्नलनी घेतला, आणि त्यांच्या पिवळ्या हातमोज्यावर मिसेस टिबटचा गुलाबी रंग उमटला.

लेडी कार्नडेल गेल्या, आणि त्यांच्याबरोबर अर्धी खोली. त्या जाताना म्हणाल्या की हे चित्र त्यांच्या भिंतीवर लागणार नाही. थोरल्या बाईसाहेबांनी सांगितलं की स्वतःच्या घरात त्यांच्याही चार भिंती आहेत. उरलेल्या लोकांनी चहा संपवला आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलत राहिले. मिसेस टिबट कप गोळा करताना माझ्याजवळ थांबल्या.

"छान जमले होते पण," त्या म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

सोमवारी चित्रांची गाडी आली आणि ऑगस्टानं ते चढवून दिलं. लेडी कार्नडेल यांच्यामागून ज्या तिघी बसणार होत्या, त्या आठवड्यात त्या तिघींचीही पत्रं आली. एकीला डॉक्टरांनी बसून राहायला मनाई केली होती, एक इजिप्तला चालली होती, तिसरीनं कारणच दिलं नव्हतं. ती मला बरी वाटली. ऑगस्टा रडली नाही असं मी म्हणणार नाही. ती एक सकाळ रडली. दुपारी ती मिसेस टिबटकडे गेली आणि बसायला येता का म्हणून विचारलं. कोणासाठी, त्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठी. चेहऱ्यासकट."

"चेहऱ्याचं काय करणार, मिस?" त्या म्हणाल्या. पण आल्या, आणि टोपी काढायची की नाही हे त्यांना बराच वेळ ठरवता येईना.

चित्र प्रदर्शनात घेतलं गेलं, पण टांगलं ते एका दाराच्या वर, छताला लागून. खालून म्हातारीची हनुवटी दिसायची, हात म्हणजे दोन फिकट डाग. पहिल्याच दिवशी आम्ही गेलो तेव्हा त्या दाराखाली गर्दी होती. गर्दीच्या मध्ये एका खुर्चीवर थोरल्या बाईसाहेब बसल्या होत्या. त्यांच्याकडे नाटकाला नेतात ती दुर्बीण होती आणि त्या ती येणाऱ्या-जाणाऱ्याला देत होत्या. उजव्या तळव्याकडे बघा, असं सांगत होत्या. लोक बघायचे, मग दुर्बीण परत देताना त्यांच्या हाताकडे बघायचे.

लेडी कार्नडेल आपल्या मंडळींबरोबर शेजारच्या दालनातून आल्या. परत फिरायला उशीर झाला होता. त्यांच्याबरोबरची डचेस थांबली, दुर्बीण घेऊन तिनं बराच वेळ वर पाहिलं, आणि परत करताना हळू आवाजात, काळजीनंच, विचारलं की बाईसाहेब आज हातमोजे विसरल्या का.

"नाही," थोरल्या बाईसाहेब म्हणाल्या. "घरी ठेवून आलेय."